जेलमधला जागल्या: आतल्या कर्मचाऱ्याची तक्रार आली की ती हाताळायची कशी

समजा जेलमधल्या तक्रारींची चौकशी करायचं काम तुमच्याकडे आहे आणि तुमच्या टेबलावर एक तक्रार येऊन पडली. तीनच ओळी. 'मंगळवारी रात्रपाळीला ब विंगच्या शेवटच्या सेलमधल्या कैद्याला दोघांनी मारलं, सकाळी रजिस्टरला बाथरूममधे पडला असं लिहिलं.' खाली नाव नाही. तुम्ही चांगल्या मनाने लगेच फोन उचलता आणि जेलला विचारता, मंगळवारी रात्री ब विंगला ड्यूटी कुणाकुणाची होती हो? झालं. त्या रात्री तिथे चार जण होते, दोघांनी मारलं, उरले दोन, आणि त्या दोघातला एक मारणाऱ्यांचा जुना दोस्त. संध्याकाळची गिनती (कैद्यांची मोजणी) व्हायच्या आत अख्ख्या जेलला माहिती की तक्रार कुणी केली. तुम्ही तर कुणाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

या अख्ख्या लेखात मला सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर. जेलमधल्या कर्मचाऱ्याचं गुपित फुटतं ते नावावरून फार कमी वेळा, ते फुटतं चौकशी करणाऱ्याच्या प्रश्नावरून. बाकीच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात.

व्हिसलब्लोअरला मराठीत आपण जागल्या म्हणतो, शब्द छान आहे, रात्री जागून हाळी देणारा. पण गावचा जागल्या हाळी देऊन पुढे चालत जातो, जेलमधला जागल्या हाळी देऊन परत त्याच विंगमधे ड्यूटीला जातो, त्याच माणसांसोबत. आणि जेलची नोकरी म्हणजे ऑफिस नव्हे. तिथे अलार्म वाजला की बाजूच्या सहकाऱ्याने धावत यावं लागतं, त्यावर तुमचा जीव असतो. म्हणून तिथे सूड उगवायला लेखी ऑर्डर वगैरे काही लागत नाही, अलार्म वाजल्यावर दोन मिनिटं उशिरा पोचलं तरी काम होतं. गार्ड गप्प का बसतात असं बाहेरचे लोक विचारतात तेव्हा मला हेच आठवतं.

तक्रार येणार कोणत्या वाटेने

तुमच्याकडे तक्रार यायची वाट आधी स्वतः चालून बघा. म्हणजे खरंच चालून. तक्रारपेटी कुठे लावलीये? गेटच्या आत, कॅमेऱ्यासमोर, आणि किल्ली अधीक्षकांच्या ऑफिसमधे? मग ती पेटी रिकामी असणार आणि वर्षाच्या शेवटी 'एकही तक्रार नाही' असा रिपोर्ट जाणार. बऱ्याच जेलमधे कर्मचाऱ्यांनाही ड्यूटीवर मोबाईल आत नेता येत नाही, ऑफिसच्या कॉम्प्युटरला लॉगिन असतं त्यामुळे कोण काय उघडतंय ते मागे राहतं, आणि जेलचे फोन रेकॉर्ड होत असतील तर त्यावरून कोण बोलेल. म्हणजे वाट अशी हवी की माणूस ड्यूटी संपवून, स्वतःच्या फोनवरून किंवा साध्या पोस्टाने, जेलच्या बाहेरच्या कुणाला तरी कळवू शकेल. एकच वाट ठेवू नका, निदान दोन ठेवा, आणि त्यातली एक तरी अशी असू दे जी अधीक्षकांच्या हाताखालून जात नाही. कारण तक्रार अधीक्षकांबद्दलच असली तर?

आणि अजून एक, तोंडी तक्रारही तक्रारच. पार्किंगमधे गाडीजवळ उभं राहून कुणी 'सर एक सांगू का, पण माझं नाव नको' असं म्हणाला तर त्याला फॉर्म भरून आण असं सांगू नका. ऐकून घ्या, नंतर एकट्याने बसून वेळ, तारीख, त्याचे शब्द असं लिहून काढा आणि जमलं तर त्यालाच दाखवून बरोबर आहे ना विचारा.

काही जण म्हणतात कर्मचाऱ्याने आधी साहेबांनाच सांगायला हवं, शिस्तीचं खातं आहे. युनायटेड नेशन्सची कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीची १९७९ची आचारसंहिता आहे, तिच्या कलम ८ मधे वरिष्ठांना कळवा असं आहेच, पण त्याच वाक्यात पुढे गरज पडली तर चौकशीचा अधिकार असलेल्या इतर यंत्रणेलाही कळवा असं आहे. म्हणजे बाहेर सांगणं ही बेशिस्त आहे हा युक्तिवाद तेव्हाच निकालात निघालाय.

पहिले काही तास

तक्रार वाचल्यावर पहिला प्रश्न खरं की खोटं हा नसतोच. पहिला प्रश्न असा की आत्ता, या क्षणी, कुणाच्या जिवाला धोका आहे का. मारलेला कैदी अजून त्याच सेलमधे आहे का, मारणारे आज रात्री परत तिथेच ड्यूटीला आहेत का, कुणी औषधाविना आहे का, कुणी आत्महत्येचं बोलतोय का. असं काही असेल तर चौकशीची वाट न बघता हालचाल करावी लागते, पण इथेच फसायला होतं, कारण त्या एकाच कैद्याला तडकाफडकी हलवलं की पुन्हा बोट तक्रार करणाऱ्याकडेच. मग काय करायचं? निमित्त मोठं करायचं. त्या एकाला दवाखान्यात न्यायच्या ऐवजी अख्ख्या विंगची मेडिकल तपासणी लावा. किंवा सरप्राईज इन्स्पेक्शन टीम दोन-तीन विंगमधे फिरवा आणि त्यात ही विंग असू दे. जास्त काम होतं, कबूल, पण तेवढं करावंच लागतं. अर्थात कैदी मरायला टेकला असेल तर ही नाटकं करत बसू नका, आधी त्याला बाहेर काढा आणि तक्रार करणाऱ्याला लगेच कळवा की असं करावं लागतंय, सांभाळून रहा.

दुसरी घाई सीसीटीव्हीची. रेकॉर्डर भरला की जुनं पुसून त्यावर नवीन लिहितो, कुठे काही दिवसात, कुठे काही आठवड्यात, ते डिस्क केवढी आहे त्यावर. तुमच्या जेलमधे किती दिवस टिकतं हे तक्रार यायच्या आधीच माहिती असायला हवं. आणि फुटेज मागताना 'मंगळवार रात्री दोन ते तीन, ब विंग' असं मागू नका, 'मागच्या दहा दिवसाचं, अ ते ड सगळ्या विंगचं' असं मागा. डिस्क जास्त लागेल, लागू दे.

तिसरी गोष्ट जखमेची, तिच्यात मुदत हातात नसते. वळ आणि काळेनिळे डाग दिवसागणिक रंग बदलतात आणि जातात. शक्यतो जेलच्या पगारावर नसलेल्या डॉक्टरकडून तपासणी, फोटो मोजपट्टी बाजूला धरून, आणि कैदी जे सांगतो ते त्याच्याच शब्दात. छळाच्या खुणा कशा नोंदवायच्या यासाठी इस्तंबूल प्रोटोकॉल आहे, १९९९चा, २०२२ साली सुधारून आलाय, डॉक्टरांच्या हातात तो द्या. जेलचा डॉक्टर किंवा नर्स हेच जागल्या असतील तर लक्षात ठेवा, मंडेला नियमांमधला (कैद्यांना कसं वागवायचं याचे युनायटेड नेशन्सचे नियम, २०१५) नियम ३४ त्यांना छळाच्या खुणा दिसल्या तर नोंद करून सक्षम यंत्रणेला कळवायलाच सांगतो, म्हणजे त्यांनी आगाऊपणा केला नाही, कामच केलं. आणि कोठडीत मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर नियम ७१ प्रमाणे विषय जेलच्या बाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेकडे ताबडतोब जायलाच हवा, तिथे तुमची खात्यातली चौकशी दुय्यम आहे, मधे मधे करून पुरावा बिघडवू नका.

पहिली भेट

भेटा कुठे? जेलपासून लांब, कर्मचाऱ्यांच्या क्वार्टर्सपासून त्याहून लांब. बरेच कर्मचारी वसाहतीत राहतात आणि वसाहतीत कुणाच्या दारात कोणती गाडी थांबली हे मुलांनाही माहिती असतं. वेळ त्याच्या साप्ताहिक सुट्टीची घ्या, रजा टाकायला लावू नका, रजेचा अर्ज म्हणजे अजून एक कागद मागे.

बोलताना सुरुवातीलाच खरं सांगा. 'तुमचं नाव कधीच बाहेर येणार नाही' असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही, उद्या कोर्ट मागू शकतं. त्याऐवजी असं सांगा की तुमचं नाव मला आणि अमुक एका माणसाला माहिती असेल, तिसऱ्याला सांगायची वेळ आली तर आधी तुम्हाला सांगेन, आणि का ते लेखी देईन. युरोपियन युनियनचं २०१९चं व्हिसलब्लोअर डायरेक्टिव्ह (सदस्य देशांनी पाळायचा निर्देश) आहे ना, त्यात हेच आहे, आणि शिवाय त्यात असं आहे की नुसतं नाव नव्हे तर ज्या माहितीवरून माणूस सरळ किंवा आडून ओळखता येईल ती माहितीसुद्धा गुप्त ठेवायची. ही 'आडून' वाली गोष्ट जेलच्या बाबतीत सोन्यासारखी आहे.

मग त्याला विचारा, माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि कुणी विचारत नाही: 'हे अजून कुणाकुणाला माहिती आहे, आणि तुम्ही हे कुणाकुणाला बोललात?' जर ती गोष्ट फक्त त्याने एकट्यानेच बघितली असेल तर तुम्ही तिच्याबद्दल विचारलं की तोच. जर आठ जणांनी बघितली असेल तर तुम्हाला मोकळं फिरता येतं. बायकोला, मित्राला, युनियनच्या माणसाला सांगितलं असेल तर तेही कळायला हवं. आणि त्याने आधीच साहेबांशी यावरून भांडण केलेलं असेल तर गुप्ततेचा अर्धा खेळ संपलेलाच असतो, मग भर संरक्षणावर द्यायचा.

त्याने काय डोळ्याने पाहिलं, काय कानाने ऐकलं, काय दुसऱ्याने सांगितलं आणि काय त्याचा अंदाज आहे, हे चार वेगवेगळे कप्पे करून लिहा. लोक बोलताना सगळं एकत्र करतात, मुद्दाम नाही, तसंच बोलतात माणसं. 'साहेबांना सगळं माहितीये' याचा अर्थ साहेब तिथे उभे होते असा आहे की साहेबांना माहिती नसेल असं होऊच शकत नाही असा आहे, हे त्याच वेळी विचारून घ्या.

आणि त्याला पुरावा गोळा करायला पाठवू नका. हे खूप जण करतात, 'जरा रजिस्टरचा फोटो मिळाला तर बघा ना.' तो फोटो काढताना सापडला की मोबाईल आत आणल्याची कारवाई त्याच्यावर आणि मूळ विषय बाजूला. त्याच्याकडे आधीच काही असेल तर घ्या, ते कसं मिळालं ते लिहा, नवीन काही आणायला सांगू नका. कोणतं रजिस्टर, कोणतं पान, कोणती फाईल कुठल्या कपाटात, एवढं त्याने सांगितलं तरी पुरे, आणायचं काम तुमचं.

फाईल

दोन फायली. एकीत तक्रारदार कोण, त्याचा नंबर, भेटीची टिपणं. दुसरीत फक्त आरोप आणि चौकशी, तिच्यात तक्रारदाराचा कोड, तोही इनिशियल किंवा बॅच नंबर वगैरेवरून नाही. त्याची मूळ चिठ्ठी दुसऱ्या फाईलला जोडू नका, अक्षर ओळखतात लोक, वर्षानुवर्षं एकमेकांची रजिस्टरं वाचलेली असतात. टाईप केलं तरी त्याच्या सवयीचे शब्द काढून तुमच्या साध्या भाषेत आरोप लिहा. पहिल्या फाईलच्या आतल्या पुठ्ठ्यावर कागद चिकटवा आणि ज्याला ज्याला नाव कळलं त्याची तारीखवार नोंद ठेवा. गळती झाली तर शोधायला तोच कागद उपयोगी पडतो, आणि खरं सांगू का, आपलं नाव त्या कागदावर आहे म्हटलं की लोक तोंड जरा आवरून वापरतात.

गुप्तता वरच्या माणसाकडून कशी फुटते याचं मोठं उदाहरण इराकमधल्या अबू गरीब जेलचं आहे, तेव्हा ते अमेरिकन लष्कराच्या ताब्यात होतं. जो डार्बी नावाच्या अमेरिकन सैनिकाने जानेवारी २००४ मधे कैद्यांच्या छळाच्या फोटोंची सीडी लष्कराच्या तपास विभागाला दिली, नाव गुप्त राहील या भरवशावर. मे महिन्यात संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी संसदेच्या समितीपुढे टीव्हीवर त्याचं नाव घेतलं, कौतुकाने घेतलं हां, आणि डार्बी त्या वेळी इराकमधे मेसमधे इतर सैनिकांसोबत जेवत बसला होता. पुढे त्याला गावी परत जाऊन राहणं जमलं नाही. म्हणून सांगतो, वरच्या साहेबांना ब्रीफ करताना नाव टाकूच नका, त्यांना त्याची गरज नसते. त्यांनी आग्रह केला तर लेखी मागा, बहुतेक वेळा विषय तिथेच थांबतो.

ही तक्रार आहे तरी कसली

आता जरा चाळणी. 'मला तिसऱ्यांदा रात्रपाळी लावली' हे वैयक्तिक गाऱ्हाणं, त्याची वाट वेगळी. 'पैसे घेऊन रात्रपाळी बदलतात' ही जागल्याची तक्रार. पण जेलमधे बऱ्याच तक्रारी मिसळलेल्या असतात: मला त्रास देतात, कारण मी मोबाईल आत जाताना पकडले. अशा तक्रारीला गाऱ्हाणं म्हणून बाजूला टाकणं ही क्लासिक चूक. दोन धागे सुटे करा आणि दोन्ही चालवा.

माणसाचा हेतू काय हे शोधत बसू नका. प्रमोशन हुकलेला माणूस खरं बोलू शकतो, उलट तो जास्तच बारीक लक्ष ठेवून असतो. तक्रार करताना त्याला ते खरं वाटायला वाजवी कारण होतं का, एवढंच बघायचं. आणि सिद्ध न होणं आणि खोटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मुद्दाम खोटं रचलं असा स्वतंत्र पुरावा असल्याशिवाय खोट्या तक्रारीची कारवाई काढू नका, एकदा काढलीत की पुढची पाच वर्षं तुमच्याकडे कुणी येणार नाही.

विषय कोणते येतात? मारहाण, एकांतात बेकायदा ठेवणं, लैंगिक शोषण, मोबाईल आणि ड्रग्जची ने-आण, रेशन आणि औषधातली चोरी, मुलाकातीसाठी पैसे, रजिस्टर मागून भरणं, आणि कर्मचारी कमी असताना कागदावर पूर्ण दाखवणं. शेवटचं लोक किरकोळ समजतात, पण रात्री चारशे माणसांमागे कागदावर दहा आणि प्रत्यक्षात चार असतील तर मारामारी झाल्यावर सोडवायला कोण जाणार?

पुरावा मागवायची कला

इथे थांबून सांगतो कारण सगळा खेळ इथे आहे. नियम असा: जे हवंय ते नेहमी मोठ्या ढिगात मागायचं. एका दिवसाऐवजी महिना, एका विंगऐवजी अख्खं जेल, आणि जमलं तर एका जेलऐवजी तीन जेल. मागायचं निमित्तही खरंच असायला हवं, खोटं बोलायची गरज नाही, वर्षाचं ऑडिट, स्टाफिंगचा आढावा, दवाखान्याची तपासणी हे तुमच्या कॅलेंडरवर असतंच, ते थोडं अलीकडे ओढा.

मग एक कागद दुसऱ्या कागदावर ठेवून बघायचा. जेल म्हणजे रजिस्टरांचं घर आहे आणि खोटं लिहिणारा एक-दोन रजिस्टर सांभाळतो, सगळी नाही सांभाळू शकत. ड्यूटी रोस्टरवर माणूस ब विंगला आहे, पण गेट रजिस्टरला तो साडेअकराला बाहेर गेलाय. किल्ली रजिस्टरला शेवटच्या सेलची किल्ली रात्री दोनला काढली, पण रात्रीच्या डायरीत 'सर्व ठीक'. कैदी बाथरूममधे पडला म्हणतात पण दवाखान्याच्या रजिस्टरला दोन्ही हाताच्या बाहेरच्या बाजूला मार आहे, जो माणूस डोकं वाचवायला हात वर करतो त्याला लागतो तसा. बळाचा वापर केला तर ज्याने केला त्याने लगेच रिपोर्ट द्यायचा असतो, मंडेला नियम ८२, तो रिपोर्ट आहे का? असेल तर तिघांच्या रिपोर्टमधे तेच वाक्य, त्याच स्पेलिंगच्या चुकीसकट आहे का? असं दिसलं की समजायचं एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं.

रेशनची तक्रार असेल तर स्टोअरची आवक, स्वयंपाकघराची रोजची काढणी आणि त्या दिवशीची गिनती, तीन आकडे शेजारी शेजारी मांडा. औषधांचं तसंच. मोबाईल आत येण्याची तक्रार असेल तर जप्ती रजिस्टरमधे कोणाच्या शिफ्टला कधीच काही सापडत नाही ते बघा, आणि जप्त झालेल्या वस्तू खरंच कपाटात आहेत का तेही, हे दुसरं बघायला लोक विसरतात.

रजिस्टरची मूळ प्रत ताब्यात घेताना आधी प्रत्येक पानाचे फोटो, कोरी सोडलेली ओळ दिसली तर तिच्यावर रेघ मारून सही, नाहीतर उद्या तिथे एक नोंद उगवते. शाईचा रंग, पेन बदलणं, आठवडाभराच्या नोंदी एकाच हाताने एकाच दमात लिहिल्यासारख्या दिसणं, हे साध्या डोळ्यानेही कळतं, एक्स्पर्ट नंतर बघेलच.

जबाब

बोलवायचं तर सगळ्या शिफ्टला बोलवा, तक्रारदारालाही, आणि त्यालाही तेवढाच वेळ, तेच प्रश्न, तोच कोरडा सूर. तो एकटा पंधरा मिनिटं आत बसला आणि बाकीचे चाळीस, तर बाहेर बाकावर बसलेले घड्याळ बघतच असतात. त्याच्याशी हसू नका, ओळख दाखवू नका, त्याला आधीच सांगून ठेवा की मी त्या दिवशी कोरडा वागेन, मनावर घेऊ नका. उघडे प्रश्न आधी: तुमची रात्रपाळी कशी जाते, किती राउंड होतात, शेवटचं बळ कधी वापरावं लागलं, रजिस्टर कोण भरतं. तक्रारीतला तपशील, म्हणजे 'शेवटचा सेल', 'मंगळवार', हा तुमच्या तोंडून शक्यतो येऊच नये, तो कागदावरून किंवा दुसऱ्या कुणाच्या तोंडून यावा आणि मग तुम्ही त्याला धरून पुढे जावं. एकदा कागदाने ती गोष्ट वर आणली की तक्रारदार मोकळा होतो, आता तुम्ही विचारताय ते किल्ली रजिस्टरमुळे, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

कैदी साक्षीदार असेल तर त्याची काळजी दुप्पट, कारण तो रात्री घरी जात नाही. युनायटेड नेशन्सचा छळविरोधी करार (१९८४) कलम १३ मधे तक्रारदार आणि साक्षीदार दोघांनाही संरक्षण द्यायला सांगतो. इथेही तेच, एकाला न बोलवता वीस जणांशी बोला, त्यात तो एक.

ज्याच्यावर आरोप आहे त्याचीही बाजू आहे हे विसरू नका. त्याला आरोप काय हे स्पष्ट कळायला हवं, कागद बघायला मिळायला हवेत, उत्तराला वेळ हवा. आरोप कुणी केला हे कळायची गरज बहुतेक वेळा नसते, कारण तुम्ही केस कागदावर उभी केली असेल तर तक्रारदाराच्या शब्दावर काही टेकलेलंच नसतं. चौकशी संपेपर्यंत हलवायचं झालं तर आरोप असलेल्याला हलवा, तक्रारदाराला नको. उलटं सर्रास होतं, 'तुझ्याच भल्यासाठी तुला दुसरीकडे पाठवतो', आणि सगळे समजायचे ते समजतात. त्याने स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी.

सूड

सूड हा नंतरचा विषय नाही, तक्रार आली त्याच दिवशी याची तयारी करायची. त्या दिवशी तक्रारदाराच्या मागच्या वर्षभराचं चित्र काढून ठेवा, अर्थात सगळ्या स्टाफच्या आकड्यांच्या ढिगातून: रात्रपाळ्या किती, कोणती पोस्ट, रजा किती मागितल्या किती मिळाल्या, ओव्हरटाईम, गोपनीय अहवाल (साहेबांनी लिहिलेला वर्षाच्या कामाचा शेरा) कसे, मेमो किती. हे चित्र नसेल तर सहा महिन्यांनी तो म्हणेल मला त्रास देतायत आणि साहेब म्हणतील सगळ्यांनाच अशा ड्यूट्या आहेत, आणि तुमच्याकडे दोघांचं तोंड बघण्याशिवाय काही नसेल.

जेलमधला सूड कसा दिसतो ते सांगतो. सगळ्यात वाईट कैद्यांच्या विंगला एकटा. टॉवर ड्यूटी सलग. रजा ऐन वेळी कॅन्सल. वॉकीटॉकीवर उत्तर न मिळणं. जेवायला बसला की टेबल रिकामं. लॉकरवर काहीतरी लिहिलेलं. अचानक त्याचीच झडती, रोज. आणि सगळ्यात घाण प्रकार म्हणजे कैद्यांच्या कानावर घालणं की हा खबऱ्या आहे, किंवा त्याच्याविरुद्ध कैद्याकडून तक्रार लिहून घेणं. म्हणून त्याच्याविरुद्ध पहिल्या काही महिन्यात कुठलीही तक्रार आली तर ती कुठून उगवली हे आधी बघा, तक्रार टाळू मात्र नका, कैद्याचं म्हणणं खरंही असू शकतं.

त्याला सांगा की एक साधी वही ठेव, घरी, तारीख, वेळ, काय झालं, कोण होतं. तुम्ही स्वतःहून संपर्क करा, तो करेल म्हणून थांबू नका, पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी आणि नंतर निदान वर्षभर अधूनमधून, कारण शहाणा माणूस सूड थंड झाल्यावर घेतो, गोपनीय अहवालाच्या वेळी. सूड दिसला तर सिद्ध करायचं ओझं तक्रारदारावर टाकू नका. युरोपच्या त्या डायरेक्टिव्हमधे हे उलटं केलंय, ज्याने बदली केली किंवा रजा नाकारली त्याने दाखवायचं की याचा तक्रारीशी संबंध नाही. तुमच्या नियमात नसेल तरी प्रश्न असाच विचारता येतो: 'ही ऑर्डर काढायचं कारण काय होतं, आणि तसंच कारण असलेल्या इतर कुणाला अशी ऑर्डर काढली का?'

आणि संरक्षण हे निकालावर अवलंबून नसतं. कॅलिफोर्नियात कॉर्कोरन जेलमधे कैद्यांच्या मारामाऱ्या लावून दिल्या जातात अशी माहिती १९९०च्या दशकात आतल्याच कर्मचाऱ्यांनी एफबीआयकडे (अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा) नेली होती, आठ अधिकाऱ्यांवर खटला चालला आणि २००० साली ज्यूरीने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. कोर्टात असं होतं, तिथली पुराव्याची पट्टी उंच असते. पण म्हणून सांगणाऱ्याचं संरक्षण त्या दिवशी संपत नाही, उलट त्या दिवसापासूनच त्याला जास्त लागतं.

निनावी चिठ्ठी

निनावी आहे म्हणून फाडू नका, एवढंच. त्यात तारीख, जागा, रजिस्टर असं तपासण्याजोगं काही असेल तर तपासा, नुसत्या शिव्या असतील तर फाईलला ठेवा, तिसरी आली की पॅटर्न दिसतो. आणि चिठ्ठी कुणी लिहिली हे शोधायचा मोह आवरा, कुणी साहेब अक्षर जुळवायला बसले तर ते लेखी थांबवा.

कळवणं

सात दिवसात पोच, तीन महिन्यात काय केलं ते कळवा. हे आकडे त्याच डायरेक्टिव्हचे आहेत आणि कुठेही वापरायला बरे आहेत. सगळं सांगता येत नाही, पण 'कागद ताब्यात घेतले', 'बाहेरच्या यंत्रणेला दिलं', 'या मुद्द्यावर पुरावा नाही मिळाला कारण फुटेज पुसलं गेलं होतं' एवढं सांगता येतं. उत्तर न मिळालेला माणूस दोनच गोष्टी करतो, गप्प बसतो नाहीतर पत्रकाराकडे जातो, आणि दुसरं केलं तर त्याला दोष देताना आपण किती महिने झोपलो होतो ते मोजा.

पोच कशी पाठवायची तेही बघा. घरच्या पत्त्यावर खात्याच्या छापील पाकिटात पाठवू नका, वसाहतीतली टपाल वाटणारी माणसं पण खात्याचीच असतात. फोन केलात तर स्वतःच्या ऑफिसच्या नंबरवरून नको, त्याने तुमचा नंबर कोणत्या नावाने सेव्ह केलाय ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या, आणि ड्यूटीच्या वेळात कधीच लावू नका, मोबाईल त्या वेळी गेटवरच्या पेटीत असतो आणि पेटीजवळ बसलेल्याला स्क्रीन दिसते.